शेळीचे कोठीपोट, आपले मोठे आतडे आणि मधुमेह

धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेत "शेळी काय खाते?" असे विचारले तर उत्तरे भराभर येतील. बाभळीचा पाला, बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा, तुरीचा भुसा, बांधावरचे गवत. जिल्ह्याचे नाव बदलले तरी इथली शेळी मात्र अजून 'उस्मानाबादी' म्हणूनच ओळखली जाते. बहुधा काळ्या रंगाची ही शेळी पावसाने दगा दिलेल्या वर्षीही मिळेल त्या झाडपाल्यावर तग धरते, दूध देते, पिले वाढवते.

आता वर्गाला दुसरा प्रश्न विचारावा: "हा पाला पचवते कोण?" मुले म्हणतील, शेळीच. हे उत्तर बरोबर नाही. पाल्यातला मोठा भाग सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोज तोडणारे विकर म्हणजे एन्झाइम शेळीच्या शरीरात तयारच होत नाही. हे काम तिच्या कोठीपोटात राहणारे असंख्य जीवाणू करतात. शेळी पाला ओरबाडते, रवंथ करून बारीक करते आणि जीवाणूंच्या स्वाधीन करते. जीवाणू तो आंबवतात. या आंबवण्यातून अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही तीन लहान आम्ले तयार होतात आणि कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात. शेळीला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के ऊर्जा या आम्लांतून मिळते.

यात आणखी एक गंमत आहे. शेळीच्या रक्तातही ग्लुकोज असते, पण तिच्या अन्नातून ग्लुकोज म्हणून फारच थोडी साखर तिच्यापर्यंत पोहोचते, कारण साखर दिसली की जीवाणू आधी तिचा फडशा पाडतात. मग रक्तातले ग्लुकोज येते कोठून? ते तिचे यकृत तयार करते आणि त्यासाठी लागणारा मुख्य कच्चा माल असतो जीवाणूंनी बनवलेले प्रोपिऑनिक आम्ल. म्हणजे शेळीच्या बाबतीत 'पोटातले जीवाणू' आणि 'रक्तातली साखर' यांचा संबंध अगदी सरळ आहे.

शेळ्या पाळणाऱ्या घरातल्या मुलांना आणखी एक गोष्ट माहीत असते. शेळीने दावे तोडून धान्याच्या पोत्यात तोंड घातले आणि पोटभर ज्वारी खाल्ली, तर ती आजारी पडते. वेळेवर उपचार झाले नाहीत तर दगावतेही. धान्य तर पाल्यापेक्षा सकस, मग असे का व्हावे? धान्यातल्या स्टार्चवर वाढणारे जीवाणू काही तासांत बेसुमार वाढतात, लॅक्टिक आम्ल साठते, कोठीपोट आंबट होते आणि तंतू पचवणारे नेहमीचे जीवाणू मरू लागतात. अन्न बदलले की जीवाणूंची वस्ती बदलते आणि वस्ती बदलली की त्याचे परिणाम सगळ्या शरीराला भोगावे लागतात, हे एवढ्यावरून ध्यानात येते.

माणसाच्या पोटातही असेच काही घडते काय? मधुमेहाचा आणि आतड्यातल्या जीवाणूंचा संबंध काय, या प्रश्नावर गेली वीस वर्षे जगभर संशोधन चालू आहे. त्यातले काही पुण्यातही झाले आहे. त्यातून काय हाती लागले आणि काय लागलेले नाही, ते पाहू या.

आपले कोठीपोट शेवटी

आपल्यालाही एक प्रकारचे कोठीपोट आहे. फरक इतकाच की शेळीचे अन्नमार्गाच्या सुरुवातीला आहे, आपले शेवटी. आपण भाकरी खातो तेव्हा तिच्यातला बहुतेक स्टार्च लाळेतल्या आणि लहान आतड्यातल्या विकरांनी तुटतो, त्याचे ग्लुकोज होते आणि ते रक्तात जाते. हा वाटा आपण स्वतःच घेतो. जे आपल्या विकरांना तुटत नाही, म्हणजे कोंड्यातले, सालीतले, भाजीतले तंतू आणि थोडा चिवट स्टार्च, ते पुढे मोठ्या आतड्यात जाते. तिथे जीवाणूंची पंगत बसते. तेही हे उरलेले अन्न आंबवतात आणि तीच तीन आम्ले तयार करतात: अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. शेळीला त्यातून ७० टक्के ऊर्जा मिळते, आपल्याला फार तर १० टक्के. म्हणून बराच काळ या आम्लांकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

या जीवाणूंची संख्या किती? 'माणसाच्या पेशींच्या दहापट' असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. इस्राएलमधील रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी २०१६ मध्ये हा हिशेब पुन्हा केला. त्यांच्या मते सरासरी प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू आणि सुमारे ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी असतात. दहापट नव्हे, तर जवळजवळ बरोबरीचा सामना. या सगळ्या जीवाणूंचे वजन भरते सुमारे २०० ग्रॅम. वर्गात जुना आकडा सांगत असलो तर तो बदलून घ्यायला हवा.

मधुमेहात बिघडते काय?

जेवणानंतर रक्तातले ग्लुकोज वाढते. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी ते ओळखतात आणि इन्शुलिन सोडतात. इन्शुलिनचा निरोप मिळाला की स्नायू आणि चरबीच्या पेशी ग्लुकोज आत घेतात, यकृत नवे ग्लुकोज बनवणे कमी करते आणि रक्तातली पातळी खाली येते.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षणयंत्रणा बीटा पेशींनाच नष्ट करते. हा बहुधा लहान वयात सुरू होतो आणि त्यात बाहेरून इन्शुलिन घ्यावेच लागते. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिन असते, पण पेशी त्याच्या निरोपाला पुरेशी दाद देत नाहीत. याला इन्शुलिनरोध म्हणतात. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन सोडून काही वर्षे वेळ मारून नेते, पुढे तेही थकते. भारतातले बहुसंख्य रुग्ण या दुसऱ्या प्रकारचे आहेत आणि या लेखातली चर्चाही मुख्यतः त्याच प्रकाराची आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असावा. शहरांत हे प्रमाण १६.४ टक्के आणि खेड्यांत ८.९ टक्के आढळले. शिवाय सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. 'हा शहरातल्या बैठ्या लोकांचा रोग' ही समजूत आता धरून चालणार नाही.

मोठ्या आतड्यातून स्वादुपिंडापर्यंत

मोठ्या आतड्यात आंबवण्याची क्रिया होते आणि इन्शुलिन स्वादुपिंडातून येते. या दोहोंचा संबंध कसा लागतो? त्याचे निदान दोन मार्ग बऱ्यापैकी समजले आहेत.

पहिला मार्ग निरोपाचा. आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या काही खास पेशींवर या लहान आम्लांना ओळखणारे ग्राहक रेणू असतात. आम्ल त्यांना चिकटले की या पेशी 'जीएलपी-१' नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. हे संप्रेरक स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला मदत करते, जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला 'पोट भरले' असे कळवते. अलीकडे मधुमेह व लठ्ठपणासाठी गाजत असलेले सेमाग्लुटाइड हे औषध याच संप्रेरकाची नक्कल आहे. अर्थात औषधाची मात्रा मोठी आणि टिकाऊ असते. तंतूंमुळे सुटणारे संप्रेरक थोडे आणि अल्पजीवी असते. दोन्हींचा परिणाम सारखाच होईल असे समजू नये.

दुसरा मार्ग भिंतीचा. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बरीचशी ऊर्जा रक्तातून नव्हे, तर जीवाणूंनी तयार केलेल्या ब्युटिरिक आम्लातून मिळवतात. या पेशींवर बुळबुळीत स्रावाचा एक थर असतो. तो जीवाणूंना भिंतीपासून दूर ठेवतो. उंदरांवरील एका प्रयोगात (२०१६) त्यांच्या आहारातून तंतू काढून टाकण्यात आले. तेव्हा काही जीवाणू हा थरच खाऊ लागले आणि तो पातळ झाला. चुलीला सरपण मिळेना म्हणून घराच्या वाशांना हात घालावा, तसा हा प्रकार.

भिंत कमकुवत झाली की काही जीवाणूंच्या बाह्यावरणाचे तुकडे रक्तात झिरपू लागतात. शरीर त्यांना शत्रू समजते आणि सगळीकडे सौम्य पण सततचा दाह सुरू होतो. हा दाह पेशींना इन्शुलिनच्या निरोपाबाबत बहिरे करतो. बेल्जियम आणि फ्रान्समधील पॅट्रिस कानी, रेमी बुर्सेलॅं व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अतिस्निग्ध आहार दिलेल्या उंदरांत ही साखळी दाखवून दिली.

कारण कोणते, परिणाम कोणता?

यंत्रणा पटण्यासारखी आहे. पण माणसाला मधुमेह जीवाणूंमुळे होतो, असे एवढ्यावरून म्हणता येईल का? विज्ञानाच्या शिक्षकाला या विषयातला सर्वांत उपयोगी भाग इथे सापडेल.

अमेरिकेतील जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत २००४ मध्ये एक प्रयोग झाला. जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात साध्या उंदरांचे जीवाणू सोडले. उंदरांनी पूर्वीपेक्षा कमी खाल्ले, तरी १४ दिवसांत त्यांच्या अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली आणि इन्शुलिनरोधही वाढला. इथे बदललेली गोष्ट एकच होती, जीवाणू. म्हणून कारण कोणते हे ठामपणे सांगता आले.

माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत. मग मधुमेही आणि निरोगी व्यक्तींच्या विष्ठेतील जीवाणूंची तुलना केली जाते. चीनमध्ये ३४५ व्यक्तींचा असा अभ्यास २०१२ मध्ये आणि युरोपात ७० वर्षे वयाच्या १४५ स्त्रियांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हींत मधुमेहींमध्ये ब्युटिरिक आम्ल बनवणारे जीवाणू कमी आढळले. मात्र इतर कोणते जीवाणू वाढले, याबाबत दोन्ही अभ्यासांचे फारसे जुळले नाही.

का जुळले नसावे? एक मोठे कारण २०१५ मध्ये पुढे आले. डेन्मार्क, स्वीडन व चीनमधील ७८४ जणांची माहिती एकत्र करून पाहिल्यावर लक्षात आले, की मधुमेहींपैकी अनेक जण मेटफॉर्मिन ही गोळी घेत होते आणि ही गोळी स्वतःच आतड्यातली वस्ती बदलते. रोगाचा परिणाम म्हणून जे मोजले, त्यातला काही भाग औषधाचा परिणाम होता! औषध घेणारे वगळल्यावर एक फरक मात्र शिल्लक राहिला: ब्युटिरिक आम्ल बनवणारे जीवाणू मधुमेहींत कमीच होते.

गोष्ट इथे संपत नाही. २०१७ मध्ये असे दिसले, की मेटफॉर्मिन घेतलेल्या रुग्णांचे बदललेले जीवाणू निर्जंतुक उंदरांत सोडले तर त्या उंदरांची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता सुधारते. म्हणजे औषधाचा काही गुण जीवाणूंच्या मार्फतच येत असावा.

ॲमस्टरडॅममधील डॉक्टरांनी २०१२ मध्ये सडपातळ, निरोगी दात्यांच्या विष्ठेतील जीवाणू इन्शुलिनरोध असलेल्या पुरुषांच्या आतड्यात सोडले. सहा आठवड्यांनी त्यांच्या शरीराची इन्शुलिनला मिळणारी दाद सुधारली. २०१७ च्या मोठ्या अभ्यासातही सहा आठवड्यांनी सुधारणा दिसली, पण अठरा आठवड्यांनी ती नाहीशी झाली. खाणेपिणे तेच राहिले तर नवे पाहुणे टिकत नाहीत, जुनीच वस्ती पुन्हा बसते, असा याचा एक अर्थ लावता येतो.

सारांश असा की जीवाणू हे मधुमेहाच्या अनेक कारणांपैकी एक आहेत, एकटे नव्हेत. आनुवंशिकता, गर्भावस्थेतले पोषण, पोटावरची चरबी, शारीरिक श्रम, झोप, वय ही कारणे आहेतच.

पुण्यातले अभ्यास

भारतीयांच्या आतड्यातली वस्ती युरोपीय लोकांसारखी नसते. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेत डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वस्तीचा बरीच वर्षे अभ्यास केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात भारतीयांत प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा हे जीवाणूगट ठळकपणे जास्त आढळले. जिथे लोक धान्य, कडधान्य आणि भाजीपाला भरपूर खातात तिथे प्रेव्होटेला जास्त सापडतात, हे इतर देशांतही दिसले आहे.

मग प्रेव्होटेला हा 'चांगला' जीवाणू म्हणायचा का? स्वीडनमध्ये २०१५ मध्ये ३९ निरोगी लोकांना तीन दिवस सातूचा पाव दिला. ज्यांच्या साखरेचे नियमन सुधारले, त्यांच्यात प्रेव्होटेला अधिक होते. डेन्मार्कमधून २०१६ मध्ये नेमकी उलट बातमी आली: इन्शुलिनरोध असलेल्या लोकांत याच गटातली एक जात जास्त आढळली आणि ती उंदरांना दिल्यावर त्यांच्यातही बिघाड झाला. एकाच नावाखाली अनेक उपजाती असतात आणि समोर कोणते अन्न येते त्यावर त्यांचे वागणे ठरते, असे आता मानले जाते. जीवाणूंची 'चांगले' आणि 'वाईट' अशी कायमची वाटणी करता येत नाही.

२०१७ मध्ये डॉ. शौचे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील डॉ. सरोज घासकडबी आणि केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मधुमेहींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याची आखणी मुलांना समजावून सांगण्यासारखी आहे. त्यांनी दोन नव्हे, तीन गट घेतले: निरोगी, नुकतेच निदान झालेले आणि जुने मधुमेही. ब्युटिरिक आम्ल बनवणाऱ्या दोन जीवाणूकुळांचे प्रमाण या तीन गटांत पायरीपायरीने उतरत गेलेले दिसले. उलट लॅक्टोबॅसिलस हे दह्यातल्या जीवाणूंचे भाऊबंद जुन्या मधुमेहींत वाढलेले आढळले.

हा शेवटचा निष्कर्ष ऐकून कोणी म्हणेल, दह्याने मधुमेह होतो! तसे मुळीच नाही. जुने रुग्ण औषधे घेत असतात, पथ्य पाळत असतात, त्यांच्या आतड्यातले वातावरणच बदललेले असते. पण एक मात्र खरे: डबीवर 'लॅक्टोबॅसिलस' असे छापलेले पाहून ती मधुमेहावर गुणकारी आहे असे मानायला आधार नाही.

पुण्याच्या संशोधनातली आणखी एक गोष्ट मराठवाड्यासारख्या दुष्काळी भागाला लागू पडते. डॉ. याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते; इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हाडापेराने लहान, स्नायूंनी कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली होती. याज्ञिकांनी याला 'सडपातळ पण स्थूल' भारतीय बाळ म्हटले. अशी बाळे मोठी झाली की फारसे वजन न वाढताही मधुमेहाकडे झुकू शकतात. म्हणून 'आमच्या घरात कोणी जाडे नाही, आम्हाला साखरेची भीती नाही' हे म्हणणे धोक्याचे आहे.

ताटात तंतू किती?

जीवाणूंना काय द्यायचे हे आपल्या हाती आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतू सुचवले आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या पदार्थात तंतू साधारण असे असतात: पांढरा तांदूळ २.८ ग्रॅम, मैदा २.८, तूरडाळ ९, ज्वारी १०, गव्हाची कणीक ११, अख्खे मूग १७ आणि अख्खा हरभरा २५ ग्रॅम.

या आकड्यांकडे नीट पाहावे. ज्वारी आणि कणीक यांत तंतूंच्या बाबतीत फारसा फरक नाही. 'गहू आला आणि रोग आले' असे सरसकट म्हणता येणार नाही. खरी दरी आहे ती अख्खे धान्य एकीकडे आणि मैदा, पांढरा तांदूळ दुसरीकडे, यांच्यात. आणि या सगळ्यांच्या वर आहेत सालासकट खाल्ली जाणारी कडधान्ये.

शालेय पोषण आहाराचे उदाहरण घेऊ. प्राथमिक वर्गातल्या मुलासाठी १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ अथवा कडधान्य असे प्रमाण ठरलेले आहे. १०० ग्रॅम तांदळातून मिळाले २.८ ग्रॅम तंतू. २० ग्रॅम तूरडाळीतून मिळतात १.८ ग्रॅम. त्याऐवजी २० ग्रॅम अख्खे मूग असतील तर ३.४ ग्रॅम. म्हणजे मूठभर मूग अख्ख्या भातापेक्षा जास्त तंतू देतात! एकीकडे ४.६ आणि दुसरीकडे ६.२, फरक फक्त सालीचा. मोठ्या माणसाचे पाहा: दोन भाकऱ्यांना १२० ग्रॅम पीठ धरले तर १२ ग्रॅम, ४० ग्रॅम हरभऱ्याची उसळ असेल तर आणखी १० ग्रॅम. पालेभाजी आणि शेंगदाण्याची चटणी जोडली की २५ चा आकडा दूर राहत नाही.

शिळ्या भाकरीचीही थोडी रसायनशास्त्रीय बाजू आहे. शिजलेला स्टार्च थंड झाला की त्यातल्या काही साखळ्या पुन्हा घट्ट जुळतात आणि आपल्या विकरांना तुटेनाशा होतात. तो भाग मोठ्या आतड्यातल्या पंगतीला जातो. हा वाटा लहान असतो. म्हणून शिळी भाकरी हे औषध नव्हे, आणि ताजी असो वा शिळी, भाकरीत स्टार्च भरपूर असल्याने मधुमेही माणसाने ती मोजूनच खायला हवी.

आहाराने वस्ती बदलून साखर ताब्यात येते याचा माणसांवरचा पुरावा आहे का? २०१८ मध्ये शांघायच्या संशोधकांनी मधुमेहाच्या ४३ रुग्णांचे दोन गट केले. दोघांना औषध एकच. एका गटाला शिवाय नाना प्रकारच्या तंतूंनी भरलेला आहार. १२ आठवड्यांनंतर साखर समाधानकारक ताब्यात आलेल्यांचे प्रमाण तंतूंच्या गटात ८९ टक्के, तर दुसऱ्यात ५० टक्के होते. तंतूंमुळे आम्ल बनवणाऱ्या ठरावीक १५ जीवाणू-उपजाती वाढल्या होत्या. अभ्यास लहान आहे, पण दिशा दाखवणारा आहे. आणि त्यात दोन्ही गटांचे रुग्ण औषध घेत होते, हे विसरू नये.

शिक्षकांनी काय सांगावे?

सध्या 'पोटातले जीवाणू सुधारा, मधुमेह मुळापासून घालवा' अशा जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. त्यांना भुलून गोळ्या सोडून चूर्ण सुरू करणारे लोक गावोगावी भेटतात. साखर वाढलेली काही काळ कळत नाही आणि तोवर डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा खराब होतात. विद्यार्थ्याच्या तोंडून घरी एक वाक्य गेले तरी पुष्कळ: कडधान्ये वाढवा, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

वर्गात एखाद्या मुलाला पहिल्या प्रकारचा मधुमेह असेल तर त्याचे इन्शुलिन कोणत्याही आहाराने, दह्याने वा चूर्णाने थांबवता येत नाही. त्याने गोड खाल्ले म्हणून हा रोग झाला असेही नसते. त्याला वेळेवर डबा खाऊ देणे, घाम फुटला, हातपाय थरथरू लागले तर लगेच साखर देणे आणि डॉक्टरांशी संपर्क साधणे, एवढे शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक हवे.

वरच्या इयत्तांसाठी शेवटी एक प्रश्न. डेन्मार्कमध्ये २०१५ मध्ये असे आढळले, की पुढे मधुमेह झालेल्या लोकांनी निदानाच्या आधीच्या वर्षांत इतरांपेक्षा जास्त वेळा प्रतिजैविके घेतली होती. प्रतिजैविके आतड्यातले जीवाणू मारतात हे आपण जाणतो. यावरून 'प्रतिजैविकांमुळे मधुमेह होतो' असे म्हणता येईल का? विद्यार्थ्यांना दहा मिनिटे विचार करू द्यावा. निदान होण्याआधीही मधुमेह शरीरात काही वर्षे लपलेला असतो आणि अशा माणसांना जंतुसंसर्ग लवकर होतो, म्हणून त्यांना प्रतिजैविके जास्त द्यावी लागली असतील, ही दुसरी शक्यता कोणाला तरी सुचेल. दोहोंपैकी खरे कोणते हे ठरवायला कोणती माहिती गोळा करावी लागेल, याची यादी मग फळ्यावर मुलांकडूनच करून घ्यावी.